आधी संपणारं आधी

लिलावाच्या साइटवर निकालांचा क्रम बदलायची एक छोटी यादी असते. किंमत कमी ते जास्त, किंमत जास्त ते कमी, नवीन आलेलं आधी, आणि त्यातच एक ओळ: आधी संपणारं आधी. ती निवडली की ज्या लिलावाची शेवटची काही मिनिटं उरली आहेत तो सर्वांत वर येतो, तासाभराने संपणारा त्याच्या खाली, आणि ज्याला अजून आठवडा आहे तो कुठेतरी तळाशी. मी वर्षानुवर्षं जी साइट वापरते, तिथून ही ओळ गेली. 'शोध आता आणखी सोपा' अशी एक रंगीत पट्टी काही दिवस वर झळकत होती. सोपा म्हणजे नेमकं काय केलं ते मला यादी उघडल्यावर कळलं. आता निकाल 'तुमच्यासाठी' या क्रमाने येतात. किमतीचे दोन्ही क्रम शाबूत आहेत. घड्याळाचा तेवढा गेला.

साइटचं नाव लिहीत नाही. अशी काटछाट करणारी ती एकटी नाही, आणि नाव आलं की हा लेख ग्राहकाची तक्रार होऊन बसेल. तक्रार वेगळी करून झाली आहे. तिला उत्तर आलं, त्यात माझे आभार मानले होते.

या ओळीवाचून माझं काय अडतं ते सांगायचं तर मी काय शोधते तिथून सुरुवात करायला हवी. मी जुन्या स्लाइड रूल जमवते. कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर लोक जी सरकती पट्टी वापरायचे ती. तिच्यावरचे आकडे सारख्या अंतरावर नसतात, लॉगरिदमच्या हिशोबाने मांडलेले असतात. त्यामुळे दोन लांब्या एकमेकींना जोडल्या की आकड्यांचा गुणाकार होतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ऑट्रेडने ती रचली, तीनशेहून जास्त वर्षं ती चालली, आणि १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बाजारात आला तेव्हापासून थोड्याच वर्षांत कारखान्यांनी पट्ट्या बनवणं बंद केलं. आज त्या विकायला निघतात त्या बहुधा घर आवरताना, एखाद्या टेबलाच्या खणात सापडलेल्या. विकणाऱ्याला ती काय वस्तू आहे हे माहीत असतंच असं नाही. मग शीर्षक येतं 'जुनी लाकडी पट्टी', किंवा 'मोजायचं साधन, चामडी पाकिटासह', किंवा 'फूटपट्टी? मधला भाग सरकतो'. त्या प्रश्नचिन्हावर माझा फार जीव आहे. ज्याला माहीत नाही आणि जो तसं सांगतो, त्याच्याकडे हमखास काहीतरी चांगलं असतं.

अडचण अशी की ही पट्टी शब्दाने सापडत नाही. जिने शीर्षकात 'स्लाइड रूल' लिहिलंय ती माझ्यासारख्या सगळ्यांनाच सापडते. उरलेल्या शोधायच्या तर 'जुनी कार्यालयीन साधनं' असा एखादा भलामोठा विभाग उघडायचा आणि फोटो बघत जायचं. शाईच्या दौती, पंचिंग मशीन, शिक्के, टाइपरायटरची झाकणं, आणि मधेच कुठेतरी एका ढिगाच्या फोटोत कोपऱ्यातून डोकावणारी, पट्टीवरची काचेची सरकती खिडकी. असं डोळ्यांनी शोधायचं असेल तर एक गोष्ट लागतेच: बघणं कुठे संपलं हे कळायला हवं.

घड्याळाच्या क्रमात ते कळतं. रात्री बसायचं आणि उद्या याच वेळेपर्यंत संपणारे सगळे लिलाव बघून घ्यायचे. ती वेळ आली की थांबायचं. दुसऱ्या रात्री तिथून पुढे. मधल्या काळात किती नवीन वस्तू आल्या, किती काढून घेतल्या गेल्या, कशाशी देणंघेणं नाही. लिलावात ठेवलेली प्रत्येक वस्तू, तिचा फोटो कितीही अंधारलेला असो, शीर्षक कितीही चुकलेलं असो, संपण्याआधी एकदा तरी या यादीच्या वरच्या टोकाला येतेच. तिला तिथे कोणी आणावं लागत नाही. तिच्या पुढचे संपत जातात आणि ती आपोआप वर सरकते. रोज एकदा नियमाने जो येतो त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

संगणकाचं शास्त्र शिकताना अगदी सुरुवातीला एक गोष्ट सांगतात. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत एखादी नोंद शोधायची तर दर वेळी मधोमध बघून अर्धा भाग सोडून द्यायचा. वीस पायऱ्यांत काम होतं. या वेगाचं सगळ्यांना कौतुक असतं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. त्या वीस पायऱ्यांनंतर नोंद सापडली नाही तर ती नाहीच, हेही तितक्याच खात्रीने सांगता येतं. न लावलेल्या ढिगात 'नाही' म्हणायचं तर शेवटची नोंदसुद्धा उलटून बघावी लागते. 'तुमच्यासाठी' या क्रमात तर ढीगसुद्धा स्थिर नाही. आज तिसऱ्या पानावर दिसलेली वस्तू उद्या नवव्या पानावर जाते, मी परवा कशावर बोट ठेवलं त्यावरून ठरतं. चाळीस पानं बघितली तरी एवढंच म्हणता येतं की मला दाखवलं त्यात नव्हतं.

इथवरचं सगळं एका छंदिष्ट बाईची गैरसोय म्हणून सोडून देता येईल. सोयी येतात, जातात. पण लिलावाच्या बाबतीत क्रम ही नुसती सोय नसते, आणि मला खरं बोलायचंय ते त्यावर.

दुकानात वस्तूची किंमत ठरलेली असते. मागच्या फळीवर ठेवली तर ती उशिरा विकली जाईल, कदाचित विकलीच जाणार नाही, पण विकली गेली तर चिठ्ठीवरच्या किमतीलाच जाईल. लिलावात किंमत ठरवतात ती बघणारी माणसं. १९६१ मध्ये विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रकारचा बंद लिलाव मांडून दाखवला: सगळ्यांनी आपली कमाल रक्कम लिहून द्यायची, सर्वांत मोठ्या रकमेच्या माणसाला वस्तू द्यायची, पण पैसे घ्यायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेइतके. अशा लिलावात आपली खरी रक्कम लिहिण्यातच प्रत्येकाचं हित असतं. या आणि अशा कामासाठी विक्रींना १९९६ चं नोबेल जाहीर झालं आणि अवघ्या तीन दिवसांनी ते वारले. ऑनलाइन लिलावांत आपोआप बोली वाढवायची जी सोय असते ती याच्या अगदी जवळ जाते. आपण कमाल आकडा देऊन ठेवतो, साइट आपल्या वतीने लागेल तेवढंच वाढवत नेते, आणि किंमत थांबते ती दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या आकड्याच्या किंचित वर.

म्हणजे वस्तू कोणाला मिळणार हे पहिला ठरवतो, पण केवढ्याला हे ठरवतो दुसरा. तो दुसरा माणूस त्या दिवशी आलाच नाही, किंवा आला पण त्याला ती वस्तू दाखवलीच गेली नाही, तर पहिल्याच्या मनात केवढाही आकडा असो, किंमत सुरुवातीच्या बोलीपाशीच बसून राहते. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर यांनी १९९६ मध्येच सिद्ध केलेलं एक प्रमेय आहे. त्याचा सारांश असा, की काही साध्या गृहीतकांखाली विकणाऱ्याने कितीही हुशारीने किमान किंमत ठरवली, तरी त्यापेक्षा एक जादा बोलीदार आणणं त्याला अधिक फायद्याचं असतं. फक्त एक. ज्याच्या हातात यादी आहे त्याच्या हातात तो एक माणूस असतो. वस्तू कोणाला दिसणार हे ठरवणारा यादीवाला, स्वतःच्या नकळत का होईना, किमतीलाच हात घालतो.

आता मी विकत घेणारी. न दिसणारी वस्तू मला दिसली तर ती मला स्वस्तात पडणार. मग माझी तक्रार कसली, असं मीच मला विचारून बघितलं. अशा स्वस्तात मिळालेल्या पट्ट्या माझ्याकडे आहेत, घड्याळाच्या क्रमाच्या काळातल्या. पण त्या वेळी बाकीच्यांनाही ती यादी उघडी होती. ते झोपले होते आणि मी जागी होते, एवढाच फरक. आता मला स्वस्तात काही मिळालं तर त्याचा अर्थ एवढाच की यंत्राने ते मला दाखवलं आणि माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला दाखवलं नाही. आणि जे त्याला दाखवलं, मला नाही, त्याचा मला पत्ताही लागत नाही.

विकणाऱ्याचं त्याहून वाईट. वडिलांच्या खणातली पट्टी आठवडाभर लिलावात ठेवली, कोणी बोली लावली नाही. तो काय समजणार? त्याला क्रमाचं काही ठाऊक नाही. त्याच्या लेखी जगाने ती वस्तू पाहिली आणि कवडीमोल ठरवली. पुढच्या खेपेला तो ती विकायला ठेवत नाही, रद्दीत घालतो. मला आलेल्या एका पाकिटात विकणाऱ्याने सहज लिहिलेली चिठ्ठी होती: अशाच आणखी दोन होत्या, कोणी विचारेना म्हणून टाकून दिल्या. त्या दोन कोणत्या होत्या याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय. ते पाळलं जात नाही.

लिलावात वेळेला इतकं महत्त्व का, याचं उत्तर संगणकाच्या बरंच आधीचं आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चाले. मेणबत्तीचा बोटभर तुकडा पेटवायचा, आणि ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. सॅम्युएल पेपिस हा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी १६६२ मध्ये अशा एका लिलावाला हजर होता. ज्योत नेमकी विझायच्या क्षणी सगळे एकदम ओरडत आणि कोणाची बोली शेवटची यावर वाद होई. त्यात एक जण मात्र हटकून बरोबर वेळ साधत होता. पेपिसने त्याला कारण विचारलं तर तो म्हणाला, ज्योत जायच्या आधी धूर खाली वळतो. तो वळला की मी ओरडतो. पेपिसने हे दैनंदिनीत टिपून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

धुराकडे बघणारा तो माणूस आजही आहे. शेवटच्या सेकंदाला बोली टाकून बाकीच्यांना उत्तर द्यायला सवड न ठेवणारा. ॲल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि त्या काळातले ॲमेझॉनचे लिलाव यांची तुलना केली होती. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी संपे. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे, आणि दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय लिलाव बंद होत नसे. शेवटच्या क्षणीच्या बोलींची गर्दी ईबेवर कितीतरी जास्त निघाली, आणि तिथला बोलीदार जितका मुरलेला तितका तो उशिरा बोली टाकणारा. नियमातल्या एका ओळीने माणसं किती वेगळी वागतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण क्वचित सापडतं. मला त्यातून आणखी एक दिसतं. ठरल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात 'कधी संपतो' ही वस्तूबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती असते. फोटोपेक्षा, विक्रेत्याच्या गुणांकनापेक्षा महत्त्वाची. त्याच माहितीने यादी लावता येऊ नये हे जरा अजब नाही का?

घड्याळाचा क्रम न्यायी होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचेही लाडके होते. संध्याकाळी लोक मोकळे असतात म्हणून विक्रेते आपला लिलाव संध्याकाळी संपेल असा लावत. उरी सायमनसन यांनी २०१० मध्ये ईबेवरच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवलं की ही गर्दी विक्रेत्यांच्याच अंगाशी येते: त्या वेळी ग्राहक वाढतात, पण लिलाव त्याहून जास्त वाढतात, त्यामुळे वस्तू विकली जायची शक्यता आणि मिळणारी किंमत, दोन्ही घटतात. उलट ज्याने भलत्याच वेळी, पहाटे वगैरे, लिलाव संपवला त्याच्या वाट्याला माझ्यासारखी एखादीच जागी असे. तेव्हा हाही क्रम सगळ्यांना सारखं मानत नव्हताच. फक्त त्याची पक्षपाती नजर सर्वांना माहीत होती. कुठे गर्दी होते, कुठे नाही, हे शिकता येत होतं, आणि शिकलेलं पुढच्या महिन्यातही उपयोगी पडत होतं.

शिवाय तो वाकवता येत नसे. किमतीच्या क्रमाला विक्रेते वाकवतात. वस्तू नाममात्र रकमेपासून लावायची आणि वसूल टपालखर्चात करायचं. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये सीडी आणि व्हिडिओ गेम्सचे जोडीजोडीने लिलाव लावून बघितलं होतं: सुरुवातीची किंमत कमी आणि टपालखर्च जास्त ठेवला, अर्थात फार अवाजवी नाही, तर बोलीदारही जास्त आले आणि पैसेही जास्त मिळाले. 'सुसंगत आधी' या क्रमाला तर शीर्षकात शब्द कोंबून कोंबून वाकवतात. घड्याळाला काय कराल? लिलाव संपायची वेळ निवडाल, बस. ती निवडल्यावर तुमच्यापुढे कोणालाही घुसता येत नाही आणि तुम्हालाही नाही.

क्रम ठरवणारा कोणीतरी पूर्वीही होताच. सभागृहातल्या लिलावात कुठला नग आधी, कुठला नंतर, हे लिलाववालाच ठरवतो, आणि त्याने किमती बदलतात. ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९८९ मध्ये वाइनच्या लिलावांबद्दल लिहिलं होतं: त्याच वाइनच्या सारख्याच पेट्या एकाच दिवशी एकामागून एक विकल्या तर नंतरची पेटी आधीच्यापेक्षा स्वस्तात जायची शक्यता जास्त असते. म्हणजे यादीचा मालक तेव्हाही बलवानच होता. पण छापील कॅटलॉग सगळ्यांच्या हातात सारखाच असे. सत्तेचाळिसावा नग पुकारला की सभागृहातल्या प्रत्येकासाठी तो सत्तेचाळिसावाच. जो बाहेर चहाला गेला तो मुकला, पण आपण मुकलो हे त्याला कळत होतं. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा कॅटलॉग आहे, आणि दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये काय छापलंय हे बघायची सोय नाही. लिलाव चाललाय, सभागृह नाही.

मग त्यांनी ही ओळ काढली तरी का? दुष्टपणा म्हणून कोणी काढत नाही, एवढं मी धरून चालते. काही कारणं तर पटण्याजोगी आहेत. अशा साइटवर आता लिलाव थोडे आणि ठरल्या किमतीची विक्री फार, असं झालंय. लिरान आइनाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात ईबेवर हा बदल कसकसा झाला ते तपशिलाने मांडलं आहे. लोकांना वाट बघण्यापेक्षा चटकन घेऊन मोकळं होणं आवडू लागलं, हे त्यातलं एक मोठं कारण. ठरल्या किमतीच्या नोंदीला संपायची वेळच नसते, विकेपर्यंत ती पुढे पुढे चालू राहते. अशा लाखो बिनमुदतीच्या नोंदींत घड्याळाचा क्रम निरर्थक वाटणं साहजिक आहे. वाटतं खरं, पण मग तो फक्त लिलावांपुरता ठेवायचा.

तांत्रिक कारणही सांगतात. मोठ्या साइटचा शोध एका यंत्रावर नसतो, अनेक यंत्रांवर वाटलेला असतो. पाचशेवं पान मागितलं तर प्रत्येक यंत्राला आपल्याकडच्या पहिल्या पाचशे पानांइतक्या नोंदी काढून द्याव्या लागतात आणि मग त्यांचा मेळ घालावा लागतो. म्हणून खोलवर पानं उलटणारी माणसं यंत्राला महाग पडतात. इलॅस्टिकसर्च नावाची प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरतात, तिच्यात मुळातच पहिल्या दहा हजार निकालांवर लगाम घातलेला असतो. हे मला मान्य. पण मला पाचशेवं पान कधी नकोच होतं. उद्या याच वेळेपर्यंतचं हवं होतं, आणि ते क्रमाच्या वरच्याच टोकाला असायचं. खोल पानांत तर मी आता जाते, 'तुमच्यासाठी'मुळे.

माझा संशय मोजणीवर आहे. असे निर्णय ए-बी चाचणीने होतात: काहींना जुनी यादी, काहींना नवी, आणि कोणी किती पटकन विकत घेतलं याची बेरीज. घड्याळाच्या क्रमाने बघणारे लोक या मोजणीत फार वाईट दिसत असणार. शेकडो फोटो बघतात आणि काहीच घेत नाहीत. महिन्यात एकदा कधीतरी एक पट्टी घेतात, तीही पहाटे. अशा माणसांसाठी पडद्यावर जागा ठेवायची कशाला, असं कोणाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण 'जुनी लाकडी पट्टी'ला तिची किंमत मिळवून देणारा तो दुसरा बोलीदार याच बिनकामाच्या लोकांतून येतो, आणि हे कुठल्याही एका खरेदीच्या रकान्यात दिसत नाही. त्याने वस्तू घेतलेलीच नसते. तो हरलेला असतो.

जाहिरातींचं तर सरळच आहे. पैसे भरून वर येणाऱ्या नोंदी 'तुमच्यासाठी'मध्ये सहज मिसळतात. घड्याळाच्या रांगेत मधेच दोन दिवसांनी संपणारी वस्तू बसवली तर ती लगेच उठून दिसते. किमतीच्या क्रमातही आता अधूनमधून अशी घुसखोरी दिसते. स्वस्त ते महाग बघत जाताना अचानक एक महाग नग, बाजूला फिकट अक्षरांत 'प्रायोजित'. एकदा असं झालं की तो क्रम राहत नाही, त्याची सजावट राहते.

युरोपात यावर थोडाफार कायदा झाला आहे. मे २०२२ पासून तिथल्या ऑनलाइन बाजारांना शोधाचे निकाल मुख्यतः कोणत्या निकषांवर लावले जातात हे ग्राहकाला सांगावं लागतं. डिजिटल सेवांच्या कायद्याने अतिमोठ्या साइटना त्यापुढे जाऊन शिफारशींचा किमान एक असा पर्याय द्यायला लावला, जो माणसाच्या मागोव्यावर आधारलेला नसेल. हे चांगलंच. पण मागोवा न घेता लावलेला क्रम म्हणजे घड्याळाचा क्रम नव्हे. तो सगळ्यांना सारखाच दिसणारा, तरीही साइटच्या मर्जीचा क्रम असू शकतो. आणि निकष सांगणं म्हणजे निवडू देणं नव्हे.

बटण गेल्यावरही काही काळ ही सोय जिवंत होती, ही गंमत सांगायलाच हवी. निवडलेला क्रम पानाच्या पत्त्यात, शेवटी, एका छोट्या शेपटीसारखा लिहिलेला असे. बटण काढलं तरी ती शेपटी हाताने जोडली की यादी मुकाट घड्याळाप्रमाणे लागायची. जमवाजमव करणाऱ्यांत ही शेपटी कानोकानी फिरली. कोणी पुराव्यानिशी सांगू शकणार नाही, पण मला वाटतं आतल्याच कोणा इंजिनिअरने ती मुद्दाम राहू दिली असावी. मग एके दिवशी शेपटी जोडूनही यादी तशीच आली, 'तुमच्यासाठी'. साइटने ओरडून चुकीचा पत्ता म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर लोकांनी नाना उपाय केले. निकालांची पानं उतरवून घेऊन तक्त्यात वेळेप्रमाणे लावायची, हा त्यातला सर्वांत हुशार वाटणारा आणि सर्वांत फसवा. साइटने निवडून दिलेल्या दोनशे नोंदी मी वेळेप्रमाणे लावल्या, तर मला त्या दोनशेंचा क्रम मिळतो. न दिलेल्या नोंदी तक्त्यात कुठून येणार? शोध जतन करून सूचना मागवायची सोय आहे, तीही मी वापरते, पण ती शब्दावर चालते, 'फूटपट्टी? मधला भाग सरकतो' असं उद्या कोणी लिहिणार आहे हे आज मी कसं ओळखू?

सध्या चाललंय ते असं. ज्यांच्याकडून पूर्वी काही घेतलं होतं अशा विक्रेत्यांना मी निरोप पाठवले, की लिलाव कोणत्या दिवशी संपतो ते शीर्षकातच लिहा; म्हणजे शोधपट्टीत तारीख टाकून निदान त्या दिवसाचे तरी एकत्र काढता येतील. दोघातिघांनी सुरुवात केली. त्यांच्या वस्तू आता तारखेने सापडतात, आणि एकाने कळवलं की त्याला दोन बोल्या जास्त आल्या, अर्थात त्यातली एक माझीच होती. एका आजोबांनी मात्र साफ नकार दिला. शीर्षकात अक्षरं मोजून मिळतात, आणि तारखेसाठी मी 'चामडी पाकिटासह' काढणार नाही, पाकीट मूळचं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पट्टी गुरुवारी संपतेय. मी तिचं पान उघडंच ठेवलंय.